सुकन्या खातं, १९ महिने वापरून: ८२ रुपयांचं भांडण आणि बाकीचं

एप्रिल २०२५ मध्ये लेकीच्या सुकन्या समृद्धी खात्याचं पासबुक छापून आणलं आणि व्याजाच्या ओळीत ४५१ रुपये दिसले. माझ्या हिशोबाने ५३३ यायला पाहिजे होते. ८२ रुपये कमी. खाली बराचसा मजकूर या ८२ रुपयांवरच आहे, आधीच सांगतो. ज्यांना फक्त 'खातं काढू का नको' एवढंच पाहिजे त्यांनी मल्टिस्टेटचा (म्हणजे अनेक राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेचा) परिच्छेद शोधावा आणि तेवढा वाचून निघावं.

योजनेची माहिती देत बसत नाही. मुलगी दहा वर्षांच्या आतली, वर्षाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मिळायचे, हे आता चहाच्या टपरीवरही पाठ आहे. व्याज जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के आहे. दर तिमाहीला सरकार ते नव्याने ठरवतं, पण मी खातं काढल्यापासून हे लिहीपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर २०२५ पर्यंत, ते हललेलं नाही.

मी औशात एका कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर आहे. पगार १५ हजार, मिळतो सात ते दहा तारखेच्या मध्ये कधीतरी. बायको घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. खोलीचं भाडं, शाळेची व्हॅन, दूध, सिलिंडर, आईच्या बीपीच्या गोळ्या. ज्वारी गावाकडून भावाच्या घरून येते, म्हणून भाकरीला पैसे पडत नाहीत. नाहीतर बचतीवर लिहायची वेळच आली नसती. १२ एप्रिल २०२४ ला लातूरच्या एका बँकेत खातं काढलं, तेव्हा लेक पाच वर्षांची होती. तेव्हापासून महिन्याला १,००० भरायचे असं ठरलं. पहिल्या वर्षी एकही हप्ता चुकवला नाही. दुकानाचा माल आणायला टेम्पो लातूरला जातो, त्यात बसून जायचं आणि रोख भरायचे. त्यांच्या मोबाईल अ‍ॅपवर मला लेकीचं खातं दिसतच नाही, ते वेगळं दुखणं.

आता हिशोब. हजार रुपयांवर ८.२ टक्क्यांनी महिन्याला ६ रुपये ८३ पैसे. पहिला हप्ता बारा महिने राहिला, दुसरा अकरा, असं करत शेवटचा एक. बेरीज ७८ महिने. ७८ गुणिले ६.८३ म्हणजे ५३३. आम्ही काउंटरवर खताच्या गोण्यांचा आणि उधारीचा हिशोब तोंडी करतो, त्यामुळे माझं चुकलंय असं मला क्षणभरही वाटलं नाही. बँकेचंच चुकलंय.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली, गाडी काढली आणि लातूर गाठलं. खिडकीवरच्या बाईंनी पासबुक बघितलं, कॉम्प्युटर बघितला आणि सांगितलं, "व्याज बरोबर आहे." मी म्हणालो, कसं बरोबर? त्या म्हणाल्या, सिस्टीमच लावते. मी म्हणालो, सिस्टीमला कुणी शिकवलं? मागे रांगेत उभे असलेले लोक गरम व्हायला लागले. मग आतल्या एका वयस्कर साहेबांनी मला बसवलं आणि नियम सांगितला. महिन्याच्या पाच तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, त्या महिन्याचं व्याज तिच्यावरच. पाच तारखेपर्यंत भरला तर तो हप्ता चालू महिन्यात धरतात, सहाला भरला तर पुढच्या. माझे सगळे हप्ते पगारानंतरचे, म्हणजे आठ, नऊ, बारा तारखेचे. प्रत्येक हप्त्याचा एक महिना गेला. ७८ चे ६६ महिने झाले. ६६ गुणिले ६.८३ बरोबर ४५१. रुपयाचाही फरक नाही.

साहेब चांगले होते, चहा विचारला. मी इतका तापलेलो होतो की नको म्हणालो. परत येताना त्याचाही पश्चात्ताप झाला.

माझा राग बँकेवर नव्हता, नियमावर होता. एक तारखेला ज्याच्या खात्यात पगार पडतो त्याला पाच तारीख म्हणजे काहीच नाही. पण औशात, रेणापुरात, निलंग्यात दुकानावर, गोदामावर, कारखान्यावर काम करणाऱ्या किती जणांना पाचच्या आत पगार मिळतो? मालकाची उधारी वसूल झाली की आमचा पगार. म्हणजे ज्याचा पगार वेळेवर त्याला ५३३, ज्याचा उशिरा त्याला ४५१. दोघांनी भरले तेवढेच, बारा हजार.

हे सगळं मी घरी तावातावाने सांगितलं. बायकोने मशीन थांबवली आणि विचारलं, "जाऊन यायला पेट्रोल किती लागलं?" औसा ते लातूर जाऊन येऊन चाळीस किलोमीटर, गाडी पन्नासचं अ‍ॅव्हरेज देते, पेट्रोल १०५ च्या आसपास. ८४ रुपये. "म्हणजे ब्याऐंशीसाठी चौऱ्याऐंशी जाळून आलाव, आणि वर अर्धा रोज बुडवलाव." मशीन परत सुरू.

तरी मी सोडलं नाही. रात्री वहीत मांडून बघितलं. व्याजदर हाच धरला आणि पंधरा वर्षं दर महिन्याला असाच उशिरा भरत गेलो, तर १ लाख ८० हजार भरून २०४५ मध्ये साधारण ५ लाख ५१ हजार मिळतील. पाचच्या आत भरले असते तर ५ लाख ५४ हजार आणि वर काही. फरक ३,६०० रुपयांचा. वीस वर्षांनी ३,६०० रुपयांत काय येईल हे मला आत्ताच कळतंय. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी खिडकीवर कुणी सांगितली नव्हती. नऊ तारखेला भरलं काय आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला भरलं काय, व्याज सारखंच! दोन्हीचं पुढच्याच महिन्यापासून सुरू होतं. म्हणजे मी वर्षभर पगार झाला रे झाला की टेम्पोत बसून पळत होतो, ती घाई फुकट. हजाराची ती नोट पंचवीस-सव्वीस दिवस घरात राहिली तरी लेकीचं एका पैशाचं नुकसान नाही. फक्त मार्चमध्ये सांभाळायचं, कारण वर्षाचे किमान २५० तरी ३१ तारखेच्या आत पडले पाहिजेत, नाहीतर त्या वर्षाचा ५० रुपये दंड. आणि पाच तारखेला रविवार किंवा सुट्टी येते का ते आधी बघायचं.

मे महिन्यापासून मी हाच धंदा केला. पगारातून एक हजार काढून ज्वारीच्या कोठीमागच्या डब्यात, आणि पुढच्या महिन्याच्या चार-पाच तारखेला बँकेत. मधल्या दिवसांत सिलिंडर अचानक संपला, डब्यातून घेतले, शिलाईचे पैसे आले की परत ठेवले. जूनमध्ये वह्या-दप्तराला तसंच. दुकानात येईल त्याला मी हे सांगत सुटलो होतो. त्या वेळी हे लिहिलं असतं तर 'पाच तारखेचा नियम म्हणजे गरिबाचं बिनव्याजी उसनं' असं काहीतरी लिहून मोकळा झालो असतो. बरं झालं लिहिलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी लेकराला ताप आला. तीन दिवस उतरेना, रक्त तपासलं, दोन सलाईन. डबा रिकामा झाला तो झालाच. मग सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी बघितलाय. सोयाबीन शेंगांसकट पाण्यात उभं होतं. ज्यांनी जूनमध्ये बी-खत उधारीवर नेलं होतं ते दुकानाच्या दारात यायचे आणि काही न बोलता बसायचे. त्यांच्याकडे पैसे मागायला मालकाची जीभ रेटेना, मग आमचा पगार कुठून. अर्धा २३ तारखेला मिळाला. सप्टेंबरचा हप्ता शून्य, ऑक्टोबरचाही शून्य.

इथे मला खात्याचा तो गुण दिसला ज्याच्याकडे मी दीड वर्षं बघितलंही नव्हतं. कुणाचा फोन आला नाही. दंड नाही, मेसेज नाही, कागद नाही. वर्षाचे २५० पडलेले असले की मधले महिने कोरे गेले तरी खात्याला काही होत नाही. आमच्या शेजाऱ्यांचं पोस्टात आरडी आहे, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायचं खातं, तेही चांगलंच आहे, पण तिथे महिना चुकला की शंभराला एक रुपया दंड आणि चार हप्ते चुकले की खातं बंद पडायला येतं. ज्याचं उत्पन्न पावसावर आहे त्याला हा फरक ८२ रुपयांपेक्षा कितीतरी मोठा आहे. एवढं कबूल करतो.

पण डब्याचं मत मी परत फिरवलंय. हजार रुपये घरात ठेवले तर ते घरच खातं. डॉक्टरला द्यायचे होते, दिले, त्याचं दुःख नाही. पण डबा नसता तर डॉक्टरचे पैसे कुठून तरी उभे राहिलेच असते, आणि हजार खात्यात असते. तेव्हा परत पहिल्यासारखं: हातात पडले की भरायचे.

बायकोच्या भिशीबद्दल इथे लिहिलं नाही तर मला घरात जेवायला मिळणार नाही. बारा जणी, महिन्याला पाचशे, चिठ्ठी निघेल तिला सहा हजार. व्याज शून्य. मी तिची चिक्कार टिंगल केलेली आहे, 'तुझा भाव ० टक्के' म्हणून. जूनमध्ये तिची चिठ्ठी निघाली आणि शाळेची फी, गणवेश, व्हॅनचे आगाऊ पैसे, सगळं त्या सहा हजारांत बसलं. माझं ८.२ टक्क्यांचं खातं त्या वेळी एक रुपया देऊ शकत नव्हतं. लेक दहावी पास होईपर्यंत किंवा अठरा वर्षांची होईपर्यंत शिक्षणाला त्यातून काढता येत नाही. काढता येतील तेव्हाही आधीच्या मार्चअखेरच्या शिल्लकेच्या निम्मेच. माझ्या गतीने २०३५ ला ती दहावी होईल तेव्हा खात्यात दोन लाखांच्या आसपास असतील, म्हणजे एक लाख हाताशी. लातुरात अकरावी-बारावीच्या क्लासचे आकडे ज्यांना माहीत आहेत त्यांनी स्वतःच ठरवावं.

पासबुकाचं एक राहिलं. छापायचं मशीन पान नीट ओढत नाही. जुलै आणि ऑगस्टच्या ओळी एकावर एक छापल्यात. नव्या पासबुकाला विचारलं तर 'हे संपू द्या' म्हणतात. एकवीस वर्षांच्या खात्याचं पासबुक कधी संपणार?

आता मल्टिस्टेट. माझ्या आईने तीन एकरातल्या उसाचे, वर्षानुवर्षं साठवलेले पैसे एका मल्टिस्टेटमध्ये ठेवले होते, कारण ते बँकेपेक्षा जास्त देत होते आणि शाखेत पंखा आणि गार पाणी होतं. शटर पडलं. ठेवीच्या पावत्या अजून प्लास्टिकच्या पिशवीत, देवघराच्या मागे. नाव लिहीत नाही, आमच्या भागात प्रत्येक घराचं नाव वेगळं असेल. तेव्हा कुणी विचारलं 'सुकन्येत ठेवू का कुठे बारा-तेरा टक्के मिळतायत तिथे', तर माझं उत्तर एका शब्दाचं आहे. सुकन्या. पासबुक खराब छापा, पाच तारखेचा नियम लावा, काही करा, पैसे सरकारकडे आहेत. फक्त एवढ्या एका खात्यावर घर चालवू नका. बाजूला भिशी, बचत गट, काहीतरी हाताशी असू द्या. आणि महिना १,००० झेपत नसतील तर ३०० भरा, पन्नासच्या पटीत कितीही चालतात.

८२ रुपयांचं पुढे काय झालं ते सांगतो. ते वाचवायचा मार्ग एकच आहे: एकदाच एक हप्ता जास्तीचा भरून कायम एक महिना पुढे राहायचं. नीट बघितलं तर ८२ म्हणजे हजाराचे ८.२ टक्केच, एक नोट वर्षभर बाहेर पडून राहिल्याची किंमत. पण जास्तीचे हजार आणायचे कुठून? दिवाळीला मालकाने बोनसऐवजी सोनपापडीचा पुडा दिला.

नोव्हेंबरच्या तीन तारखेला रात्री बायकोने दिवाळीच्या ब्लाऊजांचे हजार रुपये माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "उद्याच भरून या. पाचला गुरुनानक जयंती आहे, बँक बंद." मी कॅलेंडर बघितलंही नव्हतं. विचारलं, परत कधी द्यायचे? म्हणाली, "हजार राहू द्या. व्याज तेवढं दर वर्षी मला द्यायचं."

मी म्हणालो, ठीक आहे, वर्षाचे ८२.

"शंभर," ती म्हणाली. "सुट्ट्यांची भानगड नको."