शेळ्यांसाठी दोन कपांचं दूध काढणी यंत्र: काही महिने वापरल्यानंतर

दुभत्या शेळ्या चारपेक्षा कमी असतील तर हे यंत्र घेऊ नका. दोन-तीन शेळ्यांच्या धारा हाताने काढून होतील, त्याहून जास्त वेळ यंत्र धुण्यात जातो. दिवसाला लिटरभराच्या आसपास दूध देणाऱ्या उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळीसाठी तर हातच बरा. सानेन (जास्त दूध देणारी परदेशी जात) संकरित सात-आठ शेळ्या दुभत्या असल्या की मात्र मनगटं वाचतात, आणि दुधात केस-लेंडी पडण्याची भीती बरीच कमी होते.

संचात तेलविरहित व्हॅक्युम पंप (हवा ओढून घेणारा), स्टीलची बादली, पल्सेटर, आणि आत सिलिकॉनचे लायनर, म्हणजे सडावर बसणारं मऊ अस्तर, असलेले दोन कप आहेत. सगळा जीव पल्सेटरमध्ये. तो सडाला ओढ आणि उसंत आलटूनपालटून देतो. स्वस्तातल्या काही संचांत तो नसतोच. मग ओढ सतत बसते, सडाच्या टोकाशी रक्त साकळतं, टोक कडक होतं आणि कासदाहाला वाट मिळते. घेण्याआधी लायनरमध्ये अंगठा घालून पाहा: दाब आणि सुटका स्पष्ट जाणवली पाहिजे, मिनिटाला ७० ते ९० वेळा. गाईसाठी हा वेग ६० च्या आसपास असतो. ओढीचा जोर दाखवणारा गेजही गाईच्या हिशोबाने लावून येतो, पाऱ्याच्या १४-१५ इंचांवर. शेळीला ११ ते १२ इंच, म्हणजे साधारण ३७ ते ४० किलोपास्कल, पुरतात. पहिल्याच दिवशी तो कमी करून घ्या.

मोटरच्या आवाजाला शेळ्या बुजतात. कप न लावता, खुराक खाताना शेजारी नुसती मोटर चालू ठेवली की चार-सहा दिवसांत सवय होते.

धार काढताना सड पुसून कोरडे करा आणि पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत घेऊन गाठी किंवा रक्त दिसतं का पाहा. मगच कप. शेळीचं बहुतेक दूध कासेच्या खालच्या पोकळीत साठलेलं असतं, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत संपतं. पारदर्शक नळीतली धार बारीक झाली की आधी व्हॅक्युम बंद, मग कप काढायचा. थेंबभर दुधासाठी रिकाम्या सडावर यंत्र चालू ठेवणं हे सगळ्यात मोठं नुकसान. शेवटी सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि पुढे चारा टाका. सडाचं तोंड काही वेळ उघडं असतं, म्हणून शेळी अर्धा तास तरी उभी राहायला हवी.

पहिलारू शेळ्यांचे सड आखूड असतात, कप घसरतो आणि ‘सूंऽऽ’ आवाज येतो. हवा आत शिरली की दुधाचे थेंब जोराने उलटे सडावर आपटतात, सोबत जंतूही नेतात. अशा शेळ्यांना यंत्र लावूच नये.

धुण्यात आळस चालत नाही. आधी कोमट पाणी, कारण थेट कढत पाण्याने दुधातली प्रथिनं चिकटून बसतात. मग ६०-७० अंशांच्या पाण्यात डेअरीचं अल्कली डिटर्जंट आणि ब्रश, मग स्वच्छ पाणी, आणि सगळे भाग उलटे टांगून वाळवायचे. बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत पांढरा थर धरतो. आठवड्यातून एकदा आम्लाचा क्लीनर वापरला की तो निघतो. क्लोरीनसोबत मात्र तो कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

ओढ अचानक कमी झाली तर पंपाला दोष देण्याआधी बादलीच्या झाकणाचं गॅस्केट (हवाबंद ठेवणारी रबरी कडी) पाहा, बहुतेक वेळा तेच सरकलेलं असतं. लायनर चिरले किंवा सैल पडले की दोन्ही एकदमच बदला. जादा जोडी खरेदीच्या वेळीच मागून घ्या.

भारनियमनात यंत्र निरुपयोगी, तेव्हा हाताची धार यायलाच हवी. अंगठा आणि तर्जनीने सडाचा वरचा भाग बंद करायचा, मग बाकीची बोटं वरून खाली एकेक मिटायची. सड खाली ओढायचा नाही आणि अंगठ्याचं पेर त्यावर रुतवायचं नाही, आतलं अस्तर दुखावतं.