सोर्स कोड हवाय? अनरिअल, युनिटी आणि गोडोचे परवाने तपासून पाहिले

पुण्यातले छोटे गेम स्टुडिओ स्वतःच्या गेमबरोबर बाहेरच्या कंपन्यांची कामंही घेतात. बाणेर-हिंजवडीतल्या अशा टीमने इंजिन, म्हणजे गेम बनवण्याचं तयार सॉफ्टवेअर, निवडताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात: आतला कोड वाचता येतो का, आणि कोणत्या अटींवर? हा आढावा तेवढ्यापुरताच आहे.

अनरिअलचा सी प्लस प्लस कोड 2014 पासून परवानाधारकांना गिटहब या कोड साठवायच्या संकेतस्थळावर मिळतो. अनरिअल बनवणाऱ्या एपिक कंपनीच्या खात्याला गिटहबचं खातं जोडायचं आणि ईमेलवर आलेलं आमंत्रण स्वीकारायचं. हे दुसरं पाऊल राहून गेलं की रेपॉझिटरीचं (कोडच्या साठ्याचं) पान 404 दाखवतं आणि लिंकच चुकीची आहे असं वाटतं. क्लोन करताना, म्हणजे कोड आपल्या मशीनवर उतरवताना, सगळा इतिहास ओढू नका, फक्त शेवटची कमिट (नोंदवलेली ताजी आवृत्ती) घ्या. मग सेटअपची बॅच फाइल चालवायची, त्यानंतर प्रोजेक्ट फाइल्स बनवणारी, आणि शेवटी व्हिज्युअल स्टुडिओत ‘डेव्हलपमेंट एडिटर’ निवडून बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारं इंजिन तयार करणं. डिस्कवर दोन-तीनशे जीबी मोकळे ठेवा. 16 जीबी रॅमच्या मशीनवर कंपायलरची मेमरी संपून बिल्ड मध्येच पडतं. तेव्हा एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसची संख्या कमी करावी लागते.

पैशांचं गणित सरळ आहे. एका गेमच्या पहिल्या 10 लाख डॉलर विक्रीपर्यंत रॉयल्टी नाही, त्यापुढे 5 टक्के. पण ही विक्री म्हणजे दुकानाचं कमिशन कापण्याआधीची एकूण रक्कम, आणि बजेट मांडताना नेमकं हेच विसरलं जातं. 12 लाख डॉलरची विक्री झाली तर वरच्या 2 लाखांवर साधारण 10 हजार डॉलर द्यावे लागतात. इंजिनचा कोड दुसऱ्या परवानाधारकालाच दाखवता येतो. म्हणून फ्रीलान्सरला झिप पाठवू नका, त्याला स्वतःच्या खात्यातून परवाना घ्यायला लावा.

रीतसर दार इतकं उघडं असताना फुटलेल्या, म्हणजे चोरीला जाऊन बाहेर आलेल्या, कोडच्या मागे जाण्यात काहीच शहाणपण नाही. 2003 मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ 2’ या गेमचा कोड फुटला, 2021 मध्ये सीडी प्रोजेक्ट आणि ईए या गेम कंपन्यांचा. ईएच्या त्या चोरीत फ्रॉस्टबाइट इंजिनही होतं. कोड बाहेर आला म्हणून त्याचा परवाना बदलत नाही, कॉपीराइट जिथल्या तिथेच राहतो. बदलतं ते मालकाचं दुखणं: चीट (गेममध्ये फसवणूक करायची साधनं) बनवणाऱ्यांना गेमचं सर्व्हरशी होणारं बोलणं वाचायला मिळतं आणि सुरक्षेचे भाग नव्याने लिहावे लागतात. उतरवून घेणाऱ्याच्या हाती मात्र सहसा अर्धवट ढीग येतो. बिल्डची साधनं नसतात, तिसऱ्या कंपन्यांच्या लायब्रऱ्या आणि कन्सोलचे एसडीके (त्या यंत्रासाठी गेम बनवायचे साधनसंच) नसतात. ते असलेच, तर त्यांचे करार वेगळे, म्हणजे आणखी मालक नाराज.

खरी किंमत पुढे मोजावी लागते. सिलिकॉन नाइट्स या कॅनडातल्या स्टुडिओने अनरिअल 3 चा कोड परवान्याबाहेर स्वतःच्या इंजिनात वापरल्याचं 2012 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात सिद्ध झालं. 44.5 लाख डॉलरची भरपाई तर लागलीच, पण त्या कोडवर उभं राहिलेलं सगळं नष्ट करण्याचा आणि न विकलेल्या प्रती परत मागवून मोडण्याचा आदेशही निघाला. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 63ब आहे: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली, तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. बाहेरची कामं घेणाऱ्या स्टुडिओला याहून जवळचा धोका कराराचा असतो. दिलेला कोड आमचाच आहे अशी हमी तिथे लिहून दिलेली असते.

म्हणून टीममधल्या कुणी असा कोड वाचला असेल, तर त्याला त्याच प्रकारच्या कामापासून दूर ठेवा. विंडोजचा फुटलेला कोड पाहिलेल्यांचं योगदान वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा) प्रकल्प याच कारणासाठी घेत नाही. फाइल रेपॉझिटरीत शिरली असेल, तर नुसती डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. पण इतिहास पुसण्याआधी वकिलाला विचारा, कारण उद्या तोच पुरावा असू शकतो.

युनिटी या निकषावर मागे पडतं. 2018 पासून सी शार्पचा भाग वाचायला खुला आहे, पण फक्त संदर्भासाठी. बदल करून वापरायची मुभा नाही. खालचा सी प्लस प्लस कोड वेगळ्या महागड्या करारानेच मिळतो. सप्टेंबर 2023 मध्ये जाहीर केलेली रनटाइम फी (गेमच्या इन्स्टॉलवर आकारायचं शुल्क) वर्षभराने मागे घेतली, तरी अटी मध्येच बदलू शकतात ही धास्ती राहिली आहे, आणि ती रास्त आहे.

गोडोचा परवाना एमआयटी या मोकळ्या प्रकारचा आहे. कोड वाचा, बदला, विका, रॉयल्टी शून्य. फक्त कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर गेमबरोबर द्यायचा, क्रेडिट्सच्या पानावर दिला तरी चालतो. दोन-चार जणांच्या टीमला आणि विद्यार्थ्यांना आमची पहिली शिफारस हीच. कन्सोलसाठी मात्र अडचण आहे: प्लेस्टेशन किंवा स्विचचे एसडीके गोपनीय असल्याने तो कोड खुल्या रेपॉझिटरीत ठेवता येत नाही. गेम पोर्ट करून (कन्सोलवर चालेल असा बदलून) देणाऱ्या कंपनीचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.