ब्लूज शिकायला गेले आणि २,६७९ डॉलर ४० सेंट घालवून आले

आकडा वर शीर्षकातच दिलाय, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात. नवऱ्याने तो रुपयांतही करून दाखवला, सव्वादोन लाख. मी विचारलं नव्हतं.

सात महिने गप्प बसले. कारण एकच, लाज. पण गेल्या आठवड्यात टेक्सासच्या मैत्रिणीने एक माहितीपत्रक पाठवलं, "अगं, तुझ्या आवडीचं दिसतंय." ते उघडलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याबद्दल शेवटी सांगते.

मी मूळची मिरजेची. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यामुळे मलाही पेटी थोडीफार येते. इथे न्यू जर्सीत आल्यावर पेटी सुटली आणि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी हार्मोनिका हाती आला. तोच तो, आपल्याकडे जत्रेत मिळायचा तो तोंडाचा बाजा. पेटी आणि बाजा तशी एकाच कुळातली, दोन्हींत पितळी पट्ट्या हवेने थरथरतात. फरक इतकाच की पेटीवर मींड निघत नाही आणि बाज्यावर निघते. श्वास आत ओढताना जीभ नि घसा जरा बदलला की सूर वाकतो. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं जुनं गाणं, त्याचा सगळा जीव त्या वाकलेल्या सुरात असतो. ब्लूजच्या बाज्याचा उस्ताद लिटल वॉल्टर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि फोडणी करपली. आता त्रेपन्न वर्षांची आहे. सात वर्षं एकटीने, व्हिडिओ बघून शिकले. कुणासमोर तरी बसून शिकावं असं फार वाटत होतं. एवढाच माझा गुन्हा.

अशा निवासी शाळा खरोखर असतात, हे आधी सांगते, नाहीतर म्हणाल बाई कशाच्या मागे लागली. वेस्ट व्हर्जिनियात एल्किन्सला उन्हाळ्यात ब्लूजचा आठवडा भरत आलाय. वॉशिंग्टन राज्यात पोर्ट टाउनसेंडला भरतो. दिवसभर वर्ग, रात्री सगळे मिळून वाजवत बसायचं. एल्किन्सच्या तारखा लेकीच्या पदवीदान समारंभाच्या आसपास गोंधळात सापडल्या आणि पोर्ट टाउनसेंड पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. तेवढ्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये फेसबुकवर ही जाहिरात आली. ब्लूजचं माहेर असलेला मिसिसिपी डेल्टा, तिथल्या क्लार्क्सडेल गावापासून पाऊण तासावर, जुन्या कापसाच्या मळ्यावर पत्र्याच्या खोपट्यांत राहणं, १४ ते १९ जुलै, फक्त बारा विद्यार्थी, फी १,८५० डॉलर. ब्लूजचा मोठा गायक मडी वॉटर्स ज्या मुलखात ट्रॅक्टर चालवायचा, तिथेच. मी विरघळले.

आता हिशेब. २६ फेब्रुवारीला ३०० डॉलर क्रेडिट कार्डावर, जागा राखायला. ८ एप्रिलला उरलेले १,५५०. "कार्ड कंपनी आमच्याकडून पैसे कापते, थेट बँकेच्या ॲपमधून पाठवलेत तर १०० डॉलर सवलत." म्हणून १,४५०. मग २८ जूनला आणखी १७५, खोपट्याच्या किल्लीची अनामत, परत मिळणारी. हो, परत मिळणारी! एकूण १,९२५. सवलत आहे म्हणून कार्ड सोडून थेट पैसे पाठवायला कुणी सांगितलं, की तिथूनच मागे फिरा. ती सवलत म्हणजे तुमचं संरक्षण त्यांनी १०० डॉलरला विकत घेतलेलं असतं.

आणि हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, तोच तर संताप आहे. एका औषध वितरण कंपनीच्या अकाउंट्समध्ये मी एकोणीस वर्षं बिलं तपासते. नव्या व्हेंडरचं नाव एक आणि बँक खात्यावरचं नाव दुसरं असेल तर मी पेमेंट अडवते, मग साहेबांचा फोन येऊ दे नाहीतर साहेबांच्या साहेबांचा. ऑफिसात मला मागून "चेकनाका" म्हणतात, मला माहीत आहे. आणि ८ एप्रिलच्या रात्री ॲपमध्ये शाळेच्या नावाऐवजी कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं, ॲपने वर विचारलंही की या व्यक्तीला ओळखता का, आणि मी 'हो' दाबलं. मनाशी म्हटलं, छोटी शाळा आहे, घरच्या कुणाचं खातं असेल. दुसऱ्याच्या पैशाला लावते ती चाळणी स्वतःच्या पैशाला लावली नाही.

पण खरी सल ती नाही. खरी सल ३ एप्रिलची ईमेल.

म्हणजे मोठी रक्कम पाठवायच्या पाच दिवस आधीची. सोबत काय आणावं त्याची यादी होती. डास पळवायचा स्प्रे, टॉर्च, वही, आणि "रात्रीच्या मैफलीची गाणी ई-मध्ये असतील, तरी हार्मोनिकावाल्यांनी ई-चा हार्मोनिका आणावा."

पेटीच्या भाषेत सांगते. ई म्हणजे पांढरी तीन. आणि बाजा एकेका पट्टीचा वेगळा असतो. गिटारवाले ब्लूज पांढरी तीनमध्ये वाजवतात, ते बरोबरच आहे. पण बाजा वाजवणारा अशा वेळी पांढरी तीनचा बाजा घेत नाही, पांढरी सहाचा घेतो, ए-चा. कारण तसं केलं की गाण्याचे मुख्य सूर श्वास आत ओढायच्या भोकांवर येतात आणि तिथेच ते वाकवता येतात. ब्लूजचा बाजा शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात कळणारी ही गोष्ट आहे. तबल्याच्या मास्तरने 'धा' डग्ग्याशिवाय वाजतो म्हणावं, तशातला प्रकार.

मी ते वाक्य वाचलं. मला खटकलं. चांगलं खटकलं, कारण मी चहाचा कप खाली ठेवल्याचं आठवतंय. आणि मग काय केलं, तर त्यांच्या वतीने वकिली! म्हटलं, तो ब्लूजवाला जिमी रीड नाही का, तो सरळ त्याच पट्टीचा बाजा घेऊन वरच्या भोकांवर वाजवायचा, तसं शिकवणार असतील. या भामट्यांना जिमी रीडचं नावही माहीत नसेल आणि मी त्यांच्यासाठी त्याची साक्ष काढत बसले. एक उलटी ईमेल टाकली असती तर १,६२५ डॉलर वाचले असते. त्याऐवजी ५२ डॉलर देऊन ई-चा बाजा मागवला.

जे शिकायला जाताय त्यातलं एक प्रश्नचिन्ह तुमच्याजवळ असतंच. ते आधी विचारा. शिक्षक असेल तर खुशीने उत्तर देईल.

तुम्ही म्हणाल, फोन तरी केला होता का? केला होता. एक माणूस वीस मिनिटं बोलला, इतका अदबीने, आजोबांच्या खेचराच्या गोष्टी सांगत, की फोन ठेवल्यावर मीच नवऱ्याला म्हटलं, बघ, दक्षिणेतली माणसं किती अगत्याची. वेबसाइटवर शिकवणाऱ्यांचे फोटो होते, ते खऱ्या वादकांचे होते, दुसऱ्या शाळांच्या पानांवरून उचललेले. हे मला ऑगस्टमध्ये कळलं. ती वेबसाइट कधी नोंदवली तेही ऑगस्टमध्ये पाहिलं, मी पैसे भरले तेव्हा ती सहा आठवड्यांची होती. फुकट बघता येतं हे, दोन मिनिटांत.

१४ जुलै, रविवार. नेवार्क ते मेम्फिस, तिकीट ३१८. भाड्याची गाडी ४१२, आगाऊ भरलेली. महामार्ग ६१ वरून खाली, दोन्ही बाजूंना सपाट रान, उन्हाने डांबर चकाकतंय. मी खिडकी उघडून बाजा वाजवत होते, आता आठवलं की कानशिलं तापतात. निघताना इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर विमानतळावरचा फोटो टाकला होता, "गणपतीत ऐकवेन!" बावीस अंगठे आले होते.

फोन म्हणाला, पोहोचलात. समोर सोयाबीन. गुडघ्याएवढं सोयाबीन, थेट क्षितिजापर्यंत, आणि कुलूप लावलेली एक पत्र्याची शेड. मी पुढे गेले, वळून आले, पुन्हा पुढे गेले. शाळेचा नंबर बंद. अर्ध्या तासाने एक पिकअप थांबली. वयस्कर शेतकरी, त्याचंच रान. काच खाली करून त्याने विचारलं नाही, सांगितलंच, "गाण्याच्या शाळेसाठी ना? या उन्हाळ्यातल्या तुम्ही तिसऱ्या." आणि थंड पाण्याची बाटली दिली.

म्हणजे माझ्या आधी दोघं येऊन गेले होते. त्यांनी कुणाला सांगितलं असेल का? असेलही. कुणी ऐकलं का? ते आता ऐका.

सोमवारी त्या भागातल्या पोलिसांकडे गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, पैसे कुठून पाठवले? न्यू जर्सीतून. मग न्यू जर्सीत तक्रार करा. इथे परत येऊन आमच्या गावच्या पोलिसांकडे गेले. शाळा कुठे होती? मिसिसिपीत. मग मिसिसिपीत करा. अहो पण शाळा मिसिसिपीत नव्हतीच, तीच तर तक्रार आहे! तिसऱ्या खेपेला, मी बाकड्यावरून उठतच नाही म्हटल्यावर, एका पोराने नोंद घेतली आणि नंबर दिला. त्या नंबरचं पुढे काही झालेलं नाही.

बँक तर विचारूच नका. चार फोन, त्यातल्या एकात सत्तेचाळीस मिनिटं तेच पियानोचं संगीत. उत्तर एकच, "पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत." तुमच्या नकळत कुणी खात्यातून पैसे काढले तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो, तुम्हाला फसवून तुमच्याच बोटाने पाठवायला लावले तर नाही. मी म्हटलं, ज्या खात्यात गेले त्याचा नंबर तुमच्यासमोर आहे, ते गोठवा. "खातेदाराच्या गोपनीयतेमुळे तसं सांगता येत नाही." चोराची गोपनीयता! आणि वर, "आणखी काही मदत करू शकते का?" आणखी? इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रकारात बहुतेक वेळा बँकांनाच भरपाई द्यावी लागते, तेही वाचून दाखवलं. बाई म्हणाली, तुम्ही इंग्लंडमध्ये नाही आहात. तेवढं मात्र तिला बरोबर माहीत होतं.

सरकारी पोर्टलवर अर्ज भरला, आपोआप पोचपावती आली, संपलं. ग्राहक विभागाने पत्र पाठवलं की संबंधित व्यवसायाचा पत्ता द्यावा, म्हणजे त्यांना नोटीस काढता येईल. मी सोयाबीनचा पत्ता दिला. काय करणार? 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' हे मिरजेच्या कचेरीपुरतं आहे असं मला वाटायचं. इथे कचेरीला एसी आहे एवढाच फरक.

परत काय मिळालं? कार्डावरचे ३००. वस्तू किंवा सेवा मिळालीच नाही म्हणून तक्रार केली, एक्केचाळीस दिवसांत जमा. यात सुद्धा मुदत असते, बिल आल्यापासून साठ दिवसांची भाषा त्यांनी केली होती, आणि माझं बिल मार्चचं. सेवेची तारीख जुलैची आहे हे दाखवायला ती यादीची ईमेल उपयोगी पडली. म्हणून ईमेल पुसू नका, कितीही राग आला तरी. स्क्रीनशॉट आधी काढा, रडा नंतर. वेबसाइट दुसऱ्या दिवशी गायब झाली होती.

राहिलेला खर्च: मोटेल दोन रात्री १९८.४०, तिकीट मंगळवारचं करून घ्यायला ७४. त्या सोमवारी दुपारी वेळच वेळ होता म्हणून क्लार्क्सडेलचं ब्लूज संग्रहालय पाहिलं, जुन्या रेल्वे मालधक्क्यात आहे, मडी वॉटर्सचं लाकडी खोपटं आत उभं केलंय. मग टटवायलरला गेले. गावाबाहेर सनी बॉय विल्यमसन या नामी बाजावाल्याची कबर आहे, लोक तिच्यावर बाजे ठेवून जातात, गंजलेले, काही नवे. मी ई-चा बाजा ठेवणार होते. मग म्हटलं, त्याला तरी कशाला चुकीच्या पट्टीचा. परत आणला.

घरी नवरा म्हणाला, तिथल्या चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला की संगीत येतं म्हणे, तू पैसे दिलेस तिथेच चुकलं. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. मंडळात सांगितलं की तब्येत बिघडली म्हणून परतले. गणपतीत काही वाजवलं नाही. हे वाचून आता कळेलच सगळ्यांना. कळू दे.

तर ते माहितीपत्रक. शाळेचं नाव नवं, राज्य आता लुइझियाना, फी १,९९५, फोटोतली खोपटी मात्र तीच. सोबत काय आणावं त्या यादीत डासांचा स्प्रे, टॉर्च, वही. मी मैत्रिणीच्या नावाने ईमेल टाकली: गाणी ई-मध्ये असतील तर हार्मोनिका कोणत्या पट्टीचा आणू?

अकरा मिनिटांत उत्तर आलं. "ई-चाच आणा. आणि फी थेट बँकेतून पाठवलीत तर १०० डॉलर कमी."