प्लेगवर प्रबंध लिहायचा, तर आधी कोणता डेटाबेस उघडायचा?

इतिहासात किंवा समाजशास्त्रात एम.ए.चा प्रबंध, पीएच.डी. सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. विद्यापीठ ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर डेटाबेसची भली मोठी यादी असते आणि त्यातलं काय कशासाठी आहे, हे कोणी सांगत नाही. म्हणून एक खराखुरा विषय घेऊनच तुलना करू: १८९६-९७चा मुंबई-पुण्यातला प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत रोग ओळखला, ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांचा जमाव ऑर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, २२ जूनला पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला.

पहिलं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं ते जेस्टोरचं, म्हणजे संशोधन-नियतकालिकांच्या जुन्या अंकांच्या ऑनलाइन संग्रहाचं. तुमच्या विषयावर आजवर कोणी काय म्हटलंय, हे कळायला याच्यासारखी जागा नाही. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे १९६६ पासूनचे जुने अंक तिथे आहेत आणि महाराष्ट्राच्या सामाजिक प्रश्नांवर काम करणाऱ्याला तेवढ्यानेच मोठा आधार मिळतो. विद्यापीठाची वर्गणी नसेल, तर स्वतःचं मोफत खातं काढून महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. मात्र ते उतरवून घेता येत नाहीत. उणीव एकच, पण मोठी: बऱ्याच नियतकालिकांचे ताजे अंक तीन-पाच वर्षं उशिराने येतात. नवं लेखन हवं असेल तर केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'कडे वळा. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आहेत. त्यात सेज, केंब्रिज आणि ऑक्सफर्डही आहेत. म्हणजे 'इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू' आणि 'मॉडर्न एशियन स्टडीज' दोन्ही सरकारी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याच्या हाताशी आले. तालुक्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीलाही ते मिळावेत, यापेक्षा चांगली गोष्ट या क्षेत्रात गेल्या कित्येक वर्षांत घडलेली नाही.

पण हे सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं. त्या काळचा कागद हवा असेल तर प्रोक्वेस्ट या वर्गणीच्या डेटाबेसवरचा 'टाइम्स ऑफ इंडिया'चा ऐतिहासिक संग्रह उघडावा लागतो. १८३८ पासूनचं पान न पान तिथे आहे, जाहिराती आणि वाचकांच्या पत्रांसकट. वापरायची मात्र एक रीत आहे. नुसतं 'प्लेग' टाकलंत तर निकालांचा डोंगर पुढ्यात येईल आणि महिना त्यातच जाईल. त्याऐवजी 'ऑर्थर रोड' टाका, तारीख ऑक्टोबर-नोव्हेंबर १८९६ एवढीच ठेवा, आधी बातम्या पाहा, मग प्रकार बदलून फक्त संपादकाला आलेली पत्रं पाहा. घटना आणि तिच्यावरची शहराची प्रतिक्रिया अशी वेगवेगळी समोर येते. गावांची नावं त्या काळच्या इंग्रजी वळणानेच शोधा: पूना, टाना, शोलापोर. तरीही काही निसटणारच. जुन्या धूसर छपाईत अक्षरं ओळखणारं संगणकाचं यंत्र 'ई'ला 'सी' वाचतं आणि तुमचा शब्द सापडेनासा होतो. म्हणून महत्त्वाच्या आठवड्याचे अंक पानं उलटून स्वतः पाहावेत, शोधखिडकीवर विसंबू नये.

दुसरी अडचण याहून खोल आहे. हे वृत्तपत्र इंग्रजी वाचणाऱ्या गोऱ्या अंमलदारांचं, व्यापाऱ्यांचं आणि मूठभर शिकलेल्या हिंदी लोकांचं होतं. एवढ्यावर प्रबंध उभा केला, तर त्यात रुग्ण शोधायला घराघरांत शिरलेले सोजीर दिसतील ते वरून, उंबऱ्याच्या आतून नव्हे. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांचं पुणं या संग्रहातून पुरतं उभं राहणार नाही.

शोधगंगेला, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहाला, अनेक जण नाकं मुरडतात. दर्जा कमीजास्त आहे, हे खरंच. पण मराठीतून लिहिलेले प्रबंध एकगठ्ठा मिळण्याची ही जागा आहे आणि फुकट आहे. प्रत्येक प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या फायलींत असतो. आधी शेवटची संदर्भसूचीची फाइल उघडा. कोणत्या वाचनालयात कोणत्या वृत्तपत्राच्या फायली आहेत, कोणत्या खात्याचे कोणते खंड कुठे पाहिले, हे आधीच्या संशोधकाने तिथे नोंदवलेलं असतं. बाकी प्रबंध सुमार असला तरी ती सूची कामाला येते. स्कॅन केलेल्या मराठी पानांत शब्दशोध बहुधा चालत नाही, तेवढं गृहीत धरा.

सरकारी अहवाल वाचायला वर्गणी लागतच नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ मोफत नोंदणीवर चालतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या रोगराईचे अहवाल खुले ठेवलेत, आणि जेस्टोरवरच 'साउथ एशिया ओपन आर्काइव्ज' हा दक्षिण आशियाच्या जुन्या साहित्याचा संग्रह विनामूल्य आहे.

मग निवड कशी करायची? एम.ए.ला सहा महिने असतील तर जेस्टोर, शोधगंगा आणि हे खुले अहवाल पुरेत. प्रोक्वेस्ट तुमच्या ग्रंथालयात नसेल तर हळहळू नका. पीएच.डी. असेल आणि विषय शहराचा, रोजच्या घडामोडींचा असेल, तर तो संग्रह हवाच. ग्रंथपालांना भेटून प्रकाशकाकडून चाचणी-प्रवेश, म्हणजे थोड्या दिवसांचा वापर, मागवायला सांगा आणि शोधाचे शब्द, तारखा आधीच वहीत लिहून ठेवा, म्हणजे मिळालेले दिवस वाया जात नाहीत. विषय शेतकऱ्यांचा, स्त्रियांचा, दलित वस्त्यांचा असेल, तर तो पैसा आणि वेळ प्रवासाला ठेवा. काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात देशी वृत्तपत्रांवरचे साप्ताहिक अहवाल आहेत. सरकारी भाषांतरकारांनी मराठी-गुजराती पत्रांतला निवडक मजकूर त्यात इंग्रजीत उतरवून ठेवलाय. निवड सरकारची, त्यामुळे सरकारला जे झोंबलं तेच त्यात जास्त. आधी तिथे तारीख आणि पत्राचं नाव टिपा, मग 'केसरी' असो की 'दीनबंधु', मूळ अंक जिथे जतन केलेत तिथे जाऊन तो मजकूर मराठीत वाचा.