आजारी गाभण मांजर, डॉक्टरांची वेगवेगळी मतं आणि मधल्या मधे आमची झालेली फसवणूक

घरातलं जनावर मरणाच्या दारात असतं, दोन डॉक्टर दोन टोकांच्या गोष्टी सांगतात, आणि काय करावं ते कळेनासं होतं. नेमक्या त्याच वेळी ‘शंभर टक्के बरं करून देतो’ म्हणणारा माणूस दारात येतो. आमच्या ठकीच्या आजारपणात असा एक माणूस आला. त्याने आमच्याकडून बरेच पैसे उकळले, आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्या उपचाराचे मोलाचे दिवस खाल्ले. सगळं सविस्तर लिहितेय, कारण तो किंवा त्याच्यासारखा दुसरा कुणी ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात आजही फिरत असणार.

ठकी मूळची आमच्या जिन्याखालची. सासूबाई तिला रोज सुकट-भात घालायच्या. ती गाभण आहे हे लक्षात आल्यावर आम्ही तिला घरातच घेतलं. मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५ असतात. आमच्या अंदाजाने निम्म्याहून जास्त उलटले होते, आणि तेव्हाच तिचं खाणं सुटलं. एक दिवस आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) मला बोलावून म्हणाल्या, “अगं, ही भिंत का चाटतेय बघ.” बाल्कनीच्या कोपऱ्यात चुन्याचे पोपडे सुटले होते, तिथे ती जीभ घासत बसायची. कुंडीतली मातीही खायला लागली होती. अंगातलं रक्त कमी झालं की मांजरं असं करतात, हे पुढे डॉक्टरांकडून कळलं. वरचा ओठ उचलून पाहिला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. श्वास भराभर चाललेला, ताप १०४ च्या वर. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ असतं.

जवळच्या क्लिनिकमध्ये रक्त तपासलं. पीसीव्ही, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, १४ निघालं. निरोगी मांजरीत ते साधारण ३० ते ४५ असतं. कावीळही थोडी होती. कोरोना व्हायरसच्या अँटिबॉडीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. (हा मांजरांचा कोरोना, माणसांच्या कोविडशी त्याचा संबंध नाही.) डॉक्टर म्हणाले, “एफआयपीची, म्हणजे याच व्हायरसमुळे काही मांजरांना होणाऱ्या जीवघेण्या रोगाची, शंका घ्यायला जागा आहे, पण एवढ्यावर ठरवता येत नाही. सोनोग्राफी करून घ्या.” मांजरांची सोनोग्राफी करणारे आमच्या भागात सहज मिळत नाहीत. तारीख पुढची मिळाली.

तोवर थांबवेना म्हणून दुसरीकडे नेलं. त्या डॉक्टरांना गर्भाशयात पू झाल्याची शंका आली. ताप, भूक बंद, पोट मोठं, ही सगळी त्याचीही लक्षणं. ते म्हणाले, ऑपरेशन करून गर्भाशयच काढू, पिल्लं जातील पण आई वाचेल. मैत्रिणीने सुचवलेल्या तिसऱ्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि साफ सांगितलं, “इतक्या कमी रक्तावर भूल दिली तर ही टेबलवरच जाईल. आधी रक्त कुठे जातंय ते शोधू.”

घरी येऊन मी रडले. एक म्हणतो कापा, एक म्हणतं कापू नका, एकाला तिसराच रोग दिसतोय. तेव्हा वाटलं होतं, यांच्यापैकी कुणालाच काही कळत नाही. आता ते कागद समोर ठेवून पाहते तेव्हा दिसतं की तिघंही प्रामाणिक होते. तिघांनी लेटरहेडवर लिहून दिलं होतं, त्यावर नाव होतं, डिग्री होती, नोंदणी क्रमांक होता. आणि मतं कितीही वेगळी असली तरी सोनोग्राफी झाल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, यावर तिघांचंही एकमत होतं. गाभण मांजरीत निदान अवघडच असतं. पोट कशाने मोठं झालंय ते बाहेरून कळत नाही, आणि पोटातल्या पिल्लांना चालणारी औषधं मोजकीच असतात. मतभेद होणारच. फसवणारा माणूस मात्र या मतभेदातच शिरतो.

त्याचा नंबर आम्हाला पेट शॉपच्या काउंटरवर मिळाला. “मांजरांचे स्पेशालिस्ट आहेत, घरी येतात.” संध्याकाळी बाइकवरून आला, पाठीला सॅक. थर्मामीटर काढला नाही, हिरड्या पाहिल्या नाहीत. मोबाइलवर रिपोर्टचा फोटो मोठा करून बघितला, ठकीचं पोट दोन्ही हातांनी दाबलं आणि म्हणाला, “ताई, हे पाणी आहे. ओली एफआयपी. शंभर टक्के. पिल्लं असली तरी आत मेलेलीच असणार. कोर्स आजच सुरू केला तर मांजर तुमचं.”

हे खोटं खपतं, कारण ते एका खऱ्या गोष्टीवर उभं आहे. एफआयपी हा खरा आणि जीवघेणा रोग आहे, आणि त्यावर जीएस-४४१५२४ नावाचं खरं औषध आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ३१ मांजरांवर वापरून पाहिलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. किमान १२ आठवडे रोज इंजेक्शन द्यायचं होतं, म्हणून ८४ दिवसांचा कोर्स. बरीच मांजरं वाचली. पण औषध रीतसर बाजारात येण्याआधीच चोरट्या मार्गाने विकलं जाऊ लागलं, लेबल नसलेल्या किंवा भलतंच लेबल लावलेल्या बाटल्यांतून. जगभर कितीतरी लोकांनी तशाच बाटल्यांवर आपली मांजरं खरोखर वाचवली आहेत. त्यामुळे ‘बाटलीवर लेबल का नाही?’ असं विचारलं की या माणसांकडे उत्तर तयार असतं.

त्याने सॅकमधून काढलेली बाटली छोटी, पांढऱ्या काचेची, निळ्या झाकणाची. लेबल नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. आत एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे तेही कुठे लिहिलेलं नाही. डोस मांजराच्या दर किलो वजनामागे इतके मिलिग्रॅम असा ठरतो. बाटलीत किती आहे तेच माहीत नसेल तर सिरिंजमध्ये किती ओढायचं ते कशावरून ठरवायचं? त्याने ठकीचं वजनसुद्धा केलं नाही. मानेजवळची कातडी धरून इंजेक्शन दिलं तेव्हा ती अशी किंचाळली की आई स्वयंपाकघरातून धावत आल्या. हे औषध टोचताना झोंबतं हे खरं आहे, म्हणून तिच्या किंचाळण्यावरून बाटलीत काय होतं याचा काहीच पत्ता लागत नाही.

मग त्याने फर्मानं सोडली. आधीच्या डॉक्टरांची औषधं बंद. सोनोग्राफी करायची नाही, “रेडिएशनने पिल्लांना त्रास होतो.” हे धादांत खोटं. सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते, त्यात रेडिएशन नसतंच. शिवाय तासाभरापूर्वी त्यानेच पिल्लं मेलेली असल्याचं सांगितलं होतं. रक्त चढवावं लागेल का, असं माझ्या नवऱ्याने विचारल्यावर म्हणाला, “डोनर मांजर आहे माझ्याकडे. ग्रुप वगैरे मांजरांत बघावा लागत नाही.” मांजरांत ए, बी आणि एबी असे रक्तगट असतात. चुकीच्या गटाचं रक्त पहिल्याच वेळी जीव घेऊ शकतं, कारण दुसऱ्या गटाविरुद्धच्या अँटिबॉडी त्यांच्या रक्तात मुळातच असतात. त्या डोनरचं रक्त चढवायची वेळ नशिबाने आली नाही.

पैशांचं बोलणं दाराशी, चपला घालता घालता झालं. “स्टॉक संपत आलाय ताई, पूर्ण कोर्स आज बुक केलात तरच मिळेल.” यूपीआयवर पैसे पाठवले तेव्हा समोर डॉक्टरचं नाव येण्याऐवजी कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव आलं. बिल मागितलं तर “व्हॉट्सअ‍ॅप करतो.” बाकीच्या बाटल्या उद्या. ते उद्या आलंच नाही. एकदा गाडी बंद पडली, एकदा कुरिअर भिवंडीत अडकलं, एकदा त्याची आई आजारी. फोन मात्र न चुकता यायचा, तो “सोनोग्राफी केली नाहीत ना?” हे विचारायला.

तो प्रश्न माझ्या नवऱ्याला खटकला. सोनोग्राफीची तारीख आम्ही रद्द केलेली नव्हतीच. ठकीला टोपलीत घालून नेलं. पडद्यावर पोटात मोकळं पाणी दिसलंच नाही. पू नव्हता. तीन पिल्लं होती. दोघांच्या छातीत बारीक लुकलुक चाललेली, तिसरं निपचित. डॉक्टरांनी ती लुकलुक बोटाने दाखवली आणि म्हणाले, “हे दोन्ही ठोके चांगले आहेत.” एफआयपीचं पाणी असतं तर ते सुईने काढून बघता आलं असतं. पिवळसर, चिकट असतं. इथे सुई घालायला पाणीच नव्हतं.

तिथून थेट डॉक्टर मॅडमकडे. त्यांनी ताज्या रक्ताची काचपट्टी करून तपासायला दिली, आणि तांबड्या पेशींवर चिकटलेले जंतू दिसले. मायकोप्लाझ्मा. पिसवांमार्फत पसरतो असं मानतात. तो तांबड्या पेशींना चिकटतो, मग शरीरच त्या पेशी मोडत सुटतं. म्हणून पांढऱ्या हिरड्या, म्हणून कावीळ, म्हणून भिंत चाटणं. हा जंतू रक्तात कधी दिसतो, कधी दिसत नाही, त्यामुळे पहिल्या तपासणीत तो सुटला यात त्या डॉक्टरांचा दोष धरता येत नाही. कोरोना अँटिबॉडीचं म्हणाल तर त्या असंख्य निरोगी मांजरांत सापडतात. त्यातल्या थोड्यांनाच एफआयपी होतो.

यावर औषध डॉक्सिसायक्लिन. ते साधं आणि स्वस्त आहे, पण गाभण मांजरीत सरळसोट देता येत नाही, कारण या गटातली औषधं पिल्लांच्या हाडांवर आणि दातांवर परिणाम करू शकतात. मॅडमनी ते आम्हाला समजावलं, कागदावर लिहिलं आणि आमची सही घेतली. पहिल्या डॉक्टरांचं मत स्टेरॉइडही द्यावं असं होतं. मॅडमना गर्भपाताची भीती वाटत होती. त्यावर मी दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायची विनंती केली आणि दोघंही लगेच बोलले. पंधरा मिनिटांत ठरलं की पीसीव्ही आणखी घसरला तरच स्टेरॉइड आणि रक्त, नाहीतर नाही. इतके दिवस आम्ही एकाचं म्हणणं दुसऱ्याकडे पोचवत होतो आणि वाटेत अर्धं सांडत होतं. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी डॉक्टरांना आपसात बोलायला जरूर सांगावं. चांगला डॉक्टर रागावत नाही.

गोळी दिल्यावर लगेच सिरिंजने थोडं पाणी पाजायचं, हेही मॅडमनी बजावलं. डॉक्सिसायक्लिनची गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते आणि नळी आखडते. खाणं सुरू करायचीही घाई होती, कारण मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर चरबी चढते आणि तो वेगळाच जीवघेणा आजार होऊन बसतो. आई तिला उकडलेलं चिकन बोटाने भरवायच्या.

पीसीव्ही घसरायचा थांबला, मग हळूहळू चढला. ठकी व्यायली. एक पिल्लू मेलेलं आलं, एक अशक्त होतं ते जगलं नाही, एक जगलं. जे गेलं ते त्या वाया गेलेल्या दिवसांमुळे गेलं का, हे मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, असं खात्रीने सांगता येणार नाही. मला मात्र ते दिवस विसरता येत नाहीत.

त्या माणसाकडे आम्ही नोंदणी क्रमांक मागितला. त्याने एका प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. नावावर अंगठा आलेला, क्रमांक धूसर. पुन्हा मागितला तेव्हा “ताई, तुम्हाला मांजर वाचवायचं आहे की कागद बघायचेत?” असं म्हणून त्याने आम्हाला ब्लॉक केलं.

हा कागद मागणं आपला हक्क आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० प्रमाणे नोंदणी झालेल्या पशुवैद्यालाच जनावरांवर उपचार करता येतात. पशुधन पर्यवेक्षकाला किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. नाव आणि क्रमांक महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे पडताळून घेता येतो. तिचं कार्यालय नागपुरात आहे. डिग्री बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. अशी लिहिलेली असते. ‘कॅट स्पेशालिस्ट’ किंवा ‘पेट कन्सल्टंट’ एवढंच लिहिलेलं असेल तर सुई टोचू देण्याआधी पुढचं विचारा.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. पूर्वीचं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. परिषदेलाही पत्र पाठवलं. पैसे अजून मिळालेले नाहीत. पोलिसांनी सगळ्यात आधी विचारलं ते, “ती बाटली आहे का?” होती. आईंनी ती जुन्या डब्यात जपून ठेवली होती. तुमच्याकडे अशी बाटली असेल तर ती, वापरलेली सिरिंज, यूपीआयची पावती आणि सगळे मेसेज जपून ठेवा. ब्लॉक झाल्यावर चॅट डिलीट करू नका. आणि पैसे गेल्याचं लक्षात येताच त्याच तासात १९३० लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर ती गोठवता येण्याची शक्यता असते.