आयथ्री: खिडक्या चोख लावतो, बाकीचं आपलं आपण बघायचं

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत टेबलावर लॅपटॉप आणि वही ठेवली की माऊसला जागा उरत नाही. आयथ्रीचं मोल तिथे कळतं. लिनक्सवर २००९ पासून चालत आलेला हा टायलिंग विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या फरशांसारख्या मांडणारा प्रोग्राम, खिडक्या एकमेकींवर चढू देत नाही. तो स्क्रीन वाटून प्रत्येकीला तिची जागा देतो आणि सगळा कारभार कीबोर्डवरून चालतो. इथलं सगळं उबुंटू २४.०४ आणि १४ इंची, १९२० बाय १०८० च्या स्क्रीनला धरून.

ॲप्टने (उबुंटूचा प्रोग्राम टाकणारा कमांड) आयथ्रीचं पॅकेज टाकलं तरी ग्नोम, म्हणजे उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप, जागेवरच राहतो. लॉगिनला पासवर्ड टाकण्याआधी कोपऱ्यातल्या चक्रातून आयथ्री निवडायचं, इतकंच. पहिल्यांदा तो विचारतो, मॉड बटण (सगळ्या शॉर्टकटमध्ये दाबून धरायचं ते) कोणतं, विंडोज की ऑल्ट? विंडोजच घ्या. मॉड+डी ने प्रोग्राम शोधायचा डीमेन्यू उघडतो. ऑल्ट निवडलंत तर ब्राउझरमध्ये ऑल्ट+डी दाबून पत्त्याच्या पट्टीवर जाण्याची सोय गेली. मॉड+एंटरला टर्मिनल, मॉड+शिफ्ट+क्यू ने खिडकी बंद, आकड्यांवर १० वर्कस्पेस. फोकस हलवायला जे, के, एल आणि अर्धविराम. एच, जे, के, एल ने हलायची सवय असलेल्या व्हिम एडिटरवाल्यांची बोटं इथे एक घर चुकतात, कारण एच हे फाळणीसाठी, म्हणजे जागा दोन भागांत वाटण्यासाठी, राखलेलं आहे.

तीन खिडक्या शेजारी मांडल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ६४० पिक्सेल येतात आणि कोडच्या ओळी तुटायला लागतात. १४ इंचात दोनच शेजारी ठेवाव्यात, बाकीच्या मॉड+डब्ल्यू दाबून टॅबमध्ये. फाळण्यांची नक्षी फोटोत छान दिसते; रोजच्या कामात खरा वेळ वाचवतात ते टॅब आणि वर्कस्पेस.

मराठीत टाइप करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. टायपिंगची भाषा सांभाळणाऱ्या आयबसमध्ये भाषा बदलायची मूळ किल्ली सुपर+स्पेस, म्हणजे विंडोज बटण आणि स्पेस. आयथ्रीत मॉड+स्पेसला तरंगत्या आणि मांडलेल्या खिडक्यांमध्ये फोकस फिरतो. ही जोडी आयथ्रीने आधीच पकडलेली असल्याने आयबसपर्यंत काही पोचत नाही आणि कीबोर्ड बिघडल्यासारखा वाटतो. आयबसच्या सेटिंगमध्ये किल्ली बदला, नाहीतर आयथ्रीच्या कॉन्फिगमधल्या (सेटिंगच्या फाइलमधल्या) त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश लावा आणि ती पुन्हा वाचायला मॉड+शिफ्ट+सी दाबा. इनस्क्रिप्टवाल्यांना (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड वापरणाऱ्यांना) आयबसची गरज नाही. कीबोर्डचे लेआउट ठरवणाऱ्या सेटएक्सकेबीमॅप या कमांडला 'यूएस,इन' असा क्रम द्यायचा, इंग्रजी आधीच हवं. आयथ्री शॉर्टकट पहिल्या लेआउटवरून ठरवतो आणि मग ते मराठीतही चालतात; क्रम उलटा झाला तर मॉड+डी मुकं. डीमेन्यूत जोडाक्षरंही फुटतात, तिथे रोफी हा त्याच कामाचा प्रोग्राम घ्यावा.

ग्नोम न सांगता करत होता ती कामं इथून पुढे आपली. टचपॅडवर टॅप केल्याने क्लिक होत नाही. एक्सऑर्गच्या (स्क्रीनवर चित्र काढणारी जुनी यंत्रणा, आयथ्री तिच्यावरच चालतो) कॉन्फ-डी फोल्डरात लिबइनपुटची, म्हणजे टचपॅड सांभाळणाऱ्या भागाची, फाइल करून 'टॅपिंग ऑन' लिहावं लागतं. आवाजाची बटणं मूळ कॉन्फिगमध्ये जोडलेली आहेत, ब्राइटनेसची नाहीत. त्यासाठी ब्राइटनेससीटीएल ही कमांड टाका. वाढवायला '+५%' आणि कमी करायला '५%-', उणे चिन्ह शेवटी. प्रोजेक्टर जोडला तरी स्क्रीन आपोआप पसरत नाही. माऊसने जमवायचं असेल तर एरँडर हा स्क्रीन मांडायचा प्रोग्राम बरा.

बॅटरीचं मात्र गंभीरपणे घ्या. आयथ्रीच्या माहितीपट्टीत टक्के दिसतात, पण संपत आल्यावर इशारा देणारं कोणी नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि नजर पट्टीवर नसली, तर मशीन सरळ बंद होतं. सिस-क्लास-पॉवरसप्लायमधली कपॅसिटी फाइल दर दोन मिनिटांनी वाचून १५ टक्क्यांखाली नोटिफाय-सेंड (सूचना पाठवायची कमांड) करणारी पाच ओळींची स्क्रिप्ट पुरते. सूचना स्क्रीनवर दाखवणारा डन्स्ट चालू असला पाहिजे, नाहीतर तो इशाराही दिसणार नाही.

कॉन्फिगमध्ये चूक झाली तर वर लाल पट्टी येते आणि तिच्यातल्या बटणाने चुकीची ओळ दिसते. चालू काम न मोडता मॉड+शिफ्ट+आर ने आयथ्री जागच्या जागी पुन्हा सुरू होतो. इतकी नीट वागणूक कमी सॉफ्टवेअरमध्ये मिळते.

एक्सऑर्गच्या जागी आलेल्या वेलँडवर जायचं असेल तर आयथ्रीसारखाच स्वे आहे. बहुतेक कॉन्फिग तेच चालतं, पण सेटएक्सकेबीमॅप आणि एक्सऑर्गच्या फाइली उपयोगाच्या नाहीत. लेआउट आणि टॅप दोन्ही त्याच्या 'इनपुट' ब्लॉकमध्ये लिहायचे. मराठी लेआउट चालू असताना शॉर्टकट मेले तर बाइंडसिमपुढे (कॉन्फिगमध्ये शॉर्टकट जोडणारा शब्द) 'टू-कोड' हा पर्याय लावा. एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर असलेल्या लॅपटॉपवर स्वे अधिकृतपणे चालत नाही, तिथे आयथ्रीवरच राहा.