कागदावरची पेटी आणि हातातली पेटी : रेडिओ उपकरणाची अनुपालन-फाइल तयार करून देणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

भोसरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात द्राक्षबागांसाठी जमिनीतला ओलावा मोजणारे एक यंत्र तयार होते. वेलीच्या मुळाशी पुरलेल्या दोन संवेदकांचे आकडे ते लोरा पद्धतीच्या, म्हणजे कमी शक्तीत लांबवर छोटे संदेश पाठवणाऱ्या रेडिओने, बागेच्या कडेला असलेल्या गेटवेपर्यंत, म्हणजे ते गोळा करून इंटरनेटवर चढवणाऱ्या उपकरणापर्यंत, पाठवते, आणि मोबाइलवरून जुळणी करता यावी म्हणून त्यात ब्लूटूथही आहे. निफाड आणि दिंडोरीकडच्या बागांत ते काही हंगाम चालले, आणि नंतर स्पेनमधल्या एका आयातदाराने त्याची मागणी केली. मागणीबरोबर त्याने युरोपीय रेडिओ उपकरण निर्देशानुसार अनुरूपतेचे घोषणापत्र मागितले आणि त्यामागची तांत्रिक फाइल तयार आहे ना, असेही विचारले. ती फाइल तयार करण्याचे काम आम्ही पुण्यातल्या एका लहान सल्लागार कार्यालयाकडे सोपवले. एक निवृत्त चाचणी-अभियंता आणि त्यांच्या एक तरुण सहकारी असे दोघेच तेथे काम करतात. काम पूर्ण झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. कार्यालयाचे नाव देत नाही, कारण मला त्यांच्या कामाची पद्धत सांगायची आहे, आणि त्यात त्यांच्या चुकांचीही नोंद आहे.

आधी भारतातील बाजू सांगतो, कारण तेथूनच आमचा गैरसमज सुरू झाला होता. आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे. प्रारंभी तो ८६७ पर्यंत होता आणि २०२१ च्या नियमांनी ८६८ पर्यंत वाढला. ब्लूटूथ ज्या २.४ गीगाहर्ट्झ पट्ट्यात चालते, तोही २००५ पासूनच मुक्त आहे. मात्र वापरणाऱ्याला परवाना लागत नाही, याचा अर्थ उपकरणाला मान्यता लागत नाही असा होत नाही. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या रेडिओ लहरींचे नियमन करणाऱ्या शाखेकडून उपकरणाची टाइप अप्रूव्हल, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ईटीए, घ्यावीच लागते, आणि तिचा अर्ज सरल संचार या पोर्टलवरून होतो. हा फरक आम्हाला उशिरा कळला. ईटीएचे कागद आम्ही स्वतःच जुळवले होते आणि ती मिळालीही होती, त्यामुळे युरोपचे कामही फार तर थोडे अधिक कागद एवढेच असेल, असे मी गृहीत धरले होते.

प्रत्यक्षात दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. २०१४/५३/ईयू हा तो युरोपीय निर्देश जून २०१६ पासून लागू आहे आणि आमच्यासारख्या उपकरणाला त्यात कोणतेही सरकारी कार्यालय प्रमाणपत्र देत नाही. सुसंवादी मानके, म्हणजे निर्देशाच्या पूर्ततेसाठी युरोपने मान्य केलेली तांत्रिक मानके, पूर्णपणे लावली असतील तर अधिसूचित संस्थेकडेही, म्हणजे तपासणीसाठी सरकारने नेमलेल्या स्वतंत्र संस्थेकडेही, जावे लागत नाही. उत्पादक स्वतःच्या सहीने घोषित करतो की उपकरण सुरक्षित आहे, ते इतर उपकरणांत विद्युत-चुंबकीय व्यत्यय आणत नाही आणि रेडिओ लहरींच्या वर्णपटाचा नीट वापर करते. ती सही ज्या पुराव्यावर उभी असते तो पुरावा म्हणजे ही फाइल. तिच्यात उपकरणाचे वर्णन, आतली-बाहेरची छायाचित्रे, मंडलाचे (सर्किटचे) आराखडे, अनुपालनावर परिणाम करणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, लावलेल्या मानकांची यादी, चाचणी-अहवाल आणि घोषणापत्राची प्रत असावी लागते, आणि उपकरण बाजारात आल्यापासून दहा वर्षे ती जपून ठेवावी लागते. उद्या तेथील बाजार-निरीक्षण यंत्रणेने ती मागितली, तर ती उघडून पाहणारा अधिकारी आमच्या कारखान्यात कधीही आलेला नसेल. त्याच्यापुढे फाइल आणि दुकानातून उचललेली एक पेटी एवढेच असेल.

या कार्यालयाने काम नेमके याच जागेवरून सुरू केले, आणि म्हणून मी त्यांना मानतो. मी फोनवर आमच्याकडे असलेल्या अहवालांची यादी वाचून दाखवू लागलो, तेव्हा त्या गृहस्थांनी मला थांबवून सांगितले, "आधी पेटी पाठवा, कागद नंतर बघू. आणि ती ऑफिसातली नको, गोदामातून उचललेली पाठवा." त्याप्रमाणे आम्ही तयार मालातून तीन नग पाठवले. त्यांनी ते उघडले, पीसीबीवरच्या (आतल्या सर्किट-पट्टीवरच्या) प्रत्येक मुख्य घटकावरचा छाप सुट्या भागांच्या यादीशी ताडून पाहिला, आणि चौथ्या दिवशी एका ओळीचा प्रश्न पाठवला : अहवालातील अँटेना २ डीबीआयची आहे, पेटीबरोबर आलेली ५ डीबीआयची आहे, यांपैकी खरी कोणती? (डीबीआय म्हणजे अँटेना शक्ती एका दिशेला किती एकवटते याचे माप.)

दोन्ही खऱ्या होत्या. प्रयोगशाळेत चाचणी झाली तेव्हा आम्ही आखूड रबरी अँटेना लावत होतो. पुढे ऑक्टोबर छाटणीनंतर वेली पानांनी भरल्या की बागेच्या मधल्या यंत्रांचे संदेश गेटवेपर्यंत पोहोचेनात, म्हणून आम्ही फायबरग्लासची लांब अँटेना घेऊ लागलो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती सुधारणाच होती. भारतातही आकडे मर्यादेच्या कितीतरी आत होते : येथे आम्ही २० डीबीएम (म्हणजे १०० मिलिवॅट) शक्ती वापरतो, आणि नवी अँटेना धरूनही परिणामी प्रसारित शक्ती २०० मिलिवॅटच्या खालीच राहते, तर नियमाची मर्यादा ४ वॅट आहे. युरोपात मात्र आम्हाला हव्या असलेल्या ८६८.० ते ८६८.६ मेगाहर्ट्झच्या भागात मर्यादा २५ मिलिवॅट, म्हणजे सुमारे १४ डीबीएम आहे, आणि ती द्विध्रुव (डायपोल) या साध्या अँटेनाच्या तुलनेत मोजली जाते, म्हणून डीबीआयच्या आकड्यातून त्या अँटेनाचे २.१५ वजा करावे लागतात. त्यांनी गणित मांडले. युरोपसाठी धरलेली १४ डीबीएम शक्ती, अधिक २ डीबीआय, उणे २.१५, म्हणजे १३.८५ : जुनी अँटेना मर्यादेत बसत होती. नव्या अँटेनाने तोच आकडा १६.८५ होतो, म्हणजे सुमारे ४८ मिलिवॅट, जवळपास दुप्पट. प्रयोगशाळेचा अहवाल अक्षरशः खरा होता आणि तरीही गोदामातल्या पेटीबद्दल तो काहीच सांगत नव्हता. मी त्याच अहवालाच्या आधारावर सही करणार होतो.

यावर उपाय म्हणून युरोपसाठीच्या फर्मवेअरमध्ये (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) शक्ती ११ डीबीएमवर आणली, त्यामुळे बेरीज पुन्हा १३.८५ झाली. ही मर्यादा वापरणाऱ्याला बदलता येणार नाही अशी बंद केली, आणि नव्या अँटेनासह चाचणीचा संबंधित भाग पुन्हा करून घेतला. केबलमध्ये होणारी घट वजा धरून थोडी अधिक शक्ती ठेवता येईल का, असे मी विचारले होते. त्यावर त्यांचे उत्तर असे, की केबलची लांबी आणि जात फाइलमध्ये बांधून द्यायची तयारी असेल आणि खरेदी विभाग ती पाळणार असेल तरच ते करावे. आम्ही केले नाही.

दुसरी अडचण वेळेच्या वाट्याची होती, आणि ती तरुण सहकारी बाईंनी फर्मवेअरचे वर्णन वाचताना हेरली. त्या भागात कोणत्याही उपकरणाने एकूण वेळेच्या १ टक्क्याहून अधिक प्रसारण करायचे नाही, म्हणजे तासाला ३६ सेकंद. आमचे यंत्र एरवी पंधरा मिनिटांनी एक संदेश पाठवते. पण पाऊस किंवा ठिबक सुरू झाले की ते दर दोन मिनिटांनी पाठवू लागते, आणि हे वर्णन आम्हीच मोठ्या अभिमानाने माहितीपत्रकात छापले होते. गेटवे लांब असेल तर लोराचा सर्वांत संथ वेग वापरला जातो, आणि तेव्हा आमचा एक संदेश हवेत सुमारे १.८ सेकंद राहतो. तासाला असे तीस संदेश म्हणजे ५४ सेकंद. चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेला हे दिसणे शक्य नव्हते, कारण तेथे यंत्र अखंड प्रसारणाच्या चाचणी-अवस्थेत चालवले होते आणि वेळेच्या वाट्याचा आकडा आम्ही स्वतः लिहून दिला होता. आता फर्मवेअर मागच्या तासातील प्रसारणाचा हिशेब ठेवते आणि वाटा संपत आला की संदेश रोखून धरते. तो हिशेब कसा होतो, याचे एक पान फाइलमध्ये आहे, आणि ते मी स्वतः लिहिलेल्या पानापेक्षा अधिक स्पष्ट आहे.

फाइल हातात आली तेव्हा ती पाहून समाधान वाटले. सुरुवातीला एक तक्ता आहे, ज्यात निर्देशातील प्रत्येक अपेक्षेसमोर ती कोणत्या पानावरच्या कोणत्या पुराव्याने पूर्ण होते हे लिहिले आहे. छायाचित्रांत मोजपट्टी ठेवलेली आहे आणि घटकांवरची अक्षरे वाचता येतात. फर्मवेअरच्या आवृत्तीच्या क्रमांकाबरोबर त्या फर्मवेअर-फाइलची चेकसमही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडाही, नोंदवलेली आहे. आमच्या मॉडेल क्रमांकात अहवालांत जोडरेघ होती आणि लेबलवर नव्हती. हे एरवी कोणी मनावर घेतले नसते, पण त्यांनी लेबल नव्याने छापायला लावले. ईटीएच्या कागदांवर क्रमांक कसा आहे तेही त्यांनी न सांगता तपासले, कारण ती मान्यता मॉडेलनिहाय असते. वापर-पुस्तिकेत वारंवारतेचे पट्टे आणि कमाल प्रसारित शक्ती लिहिणे बंधनकारक आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. तो मजकूर त्यांनी लिहून दिला आणि पुस्तिका स्पॅनिशमध्ये करून घेण्याची जबाबदारी कोणाची, हे आयातदाराशी पत्राने ठरवायला लावले. लेबलवर उत्पादकाचा टपालाचा पत्ता हवा आणि सीई चिन्ह (युरोपीय नियमांच्या पूर्ततेची खूण) किमान ५ मिलिमीटर उंच हवे, या गोष्टी सोप्या आहेत. त्या आम्हीही केल्या असत्या.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव सायबर-सुरक्षेच्या प्रकरणात होती. १ ऑगस्ट २०२५ पासून इंटरनेटशी थेट किंवा दुसऱ्या उपकरणामार्फत संवाद साधणाऱ्या रेडिओ उपकरणांना नेटवर्कच्या संरक्षणाचीही अट लागू झाली आहे, आणि त्यासाठी ईएन १८०३१ ही मानकमाला आहे. आमचे यंत्र गेटवेमार्फत इंटरनेटवर जाते, म्हणून ते यात येते. रेडिओच्या भागात एकेका डेसिबलचा माग काढणाऱ्या या कार्यालयाने या प्रकरणात मात्र सर्वसाधारण मजकूर भरला होता. ब्लूटूथच्या जुळणीला संकेतांक लागतो, एवढेच एका ओळीत लिहिले होते. तो चार आकडी संकेतांक आमच्या सर्व नगांवर एकच होता, हे त्यांनी विचारलेही नाही. ते माझ्या सहकाऱ्याच्या लक्षात आले. आम्ही तो प्रत्येक नगासाठी वेगळा केला आणि पहिल्या वापरात बदलणे सक्तीचे केले. त्यामागे एक ठोस कारण होते : वापरणाऱ्याला पासवर्ड न ठेवण्याची मुभा असेल, तर या मानकाच्या आधारे अनुपालन गृहीत धरता येत नाही आणि अधिसूचित संस्थेचा मार्ग घ्यावा लागतो. हे प्रकरण आम्ही जवळजवळ नव्याने लिहिले. ज्यांचे उपकरण मोबाइल अॅप आणि क्लाउडशी घट्ट बांधलेले आहे त्यांनी या भागासाठी वेगळा जाणकार पाहावा, असे माझे मत आहे.

दुसरी चूक लहान असली तरी मला ती अधिक खटकली. पहिल्या मसुद्यात एका पानावर पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीचे वर्णन होते, आणि आमच्या यंत्रात तशी बॅटरी नाहीच. आम्ही बदलता येणारा लिथियम सेल वापरतो. तो परिच्छेद दुसऱ्या कोणाच्या तरी फाइलमधून आला होता, हे उघड होते. दाखवून दिल्यावर त्यांनी आढेवेढे न घेता चूक मान्य केली आणि पुढच्या मसुद्याआधी दोघांनीही तो स्वतंत्रपणे वाचल्याची नोंद पाठवली. तरीही ज्यांच्याकडे आपण मंडलाचे संपूर्ण आराखडे विश्वासाने सोपवतो, त्यांच्याकडून एका ग्राहकाचा मजकूर दुसऱ्याकडे जाणे योग्य नाही. गोपनीयतेचा करार सही करूनच आराखडे द्यावेत. आम्ही तो नंतर केला, आधी करायला हवा होता. वेळेचेही सांगायला हवे. पाच आठवड्यांचा अंदाज होता आणि आठ लागले, मात्र त्यांतले दोन आमच्याच अँटेनापायी गेले.

शुल्क आम्हाला चाचण्यांच्या खर्चाच्या साधारण एक चतुर्थांश पडले. आपण प्रमाणित मॉड्यूल (तयार मिळणारा रेडिओचा सुटा भाग) वापरले आहे, मग वेगळी फाइल कशाला, असा प्रश्न मला दोन सहव्यावसायिकांनी विचारला. मॉड्यूलचा अहवाल उपयोगी पडतो आणि काही चाचण्या वाचतात. परंतु ते मॉड्यूल कोणत्या पेटीत, कोणत्या अँटेनासह, कोणत्या सेटिंगवर चालते, हे मॉड्यूलच्या उत्पादकाला माहीत नसते, आणि सही पेटीच्या उत्पादकाची असते. आमच्या बाबतीत मॉड्यूल निर्दोष होते. दोन्ही दोष त्याच्या बाहेर, आम्ही घेतलेल्या निर्णयांत होते, आणि दोन्ही शेतकऱ्याची सोय पाहून चांगल्या हेतूने घेतले होते.

या कार्यालयाकडे जाणाऱ्याने तयार मालातले नग, सुट्या भागांची चालू यादी, फर्मवेअरमधील प्रसारणाचे सर्व प्रसंग आणि अँटेनाचे माहितीपत्रक बरोबर न्यावे. खरेदी विभागातील माणसाला पहिल्या बैठकीला बसवावे, कारण चाचणीनंतर काय बदलले हे अनेकदा त्यालाच ठाऊक असते. आमच्या नव्या गेटवेचे काम आम्ही त्यांच्याकडेच दिले आहे, सायबर-सुरक्षेचे प्रकरण वगळून. त्याची अँटेना अजून ठरलेली नाही, आणि खरेदीचा कागद निघण्याआधी तिचा आकडा त्यांच्या तक्त्यात जाणार आहे.